देशाबाहेर जाते काय?

नांदुऱ्याच्या रेल्वे मालधक्क्यावरच्या वामनरावांबद्दल मी आजवर कुणापाशी बोललो नाही. विषय निघाला की पाणी प्यायला उठायचो. आता गुडघे उठू देत नाहीत, म्हणून सांगतो.

वामनराव मालबाबू, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. कोणतीही पेटी आली की ते तिच्यावर थाप मारत आणि विचारत, "देशाबाहेर जाते काय?" लोणच्याच्या बरणीलाही हाच प्रश्न. शेजारच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पेढा हातात धरून म्हणाले, "सासर कुठचं? जळगाव? मंग जाऊ द्या."

कारण वरून आलेला हुकूम. स्वातंत्र्य नवं होतं, वऱ्हाडाचा कारभार नागपूरहून चाले. अणुशक्तीच्या कामाची खनिजं परवान्याशिवाय परदेशी जाऊ देऊ नयेत, असं त्यात होतं. बाकीच्यांनी तो फायलीला लावला. वामनरावांनी मनाला लावला.

हमाल चिडवत, "बाबूजी, पाटा-वरवंटा आला. याचा बॉम्ब होते काय?"

"हस बे! जपानात काय झालं आयकलं ना? आपल्या धक्क्यावरून गेलेल्या दगडानं कोनाचं घर जळाले नाही पाह्यजे."

एकदा एक गोरा अभ्यासक लोणारच्या सरोवराकाठचे दगड दोन पेट्या भरून घेऊन आला. बोटीनं विलायतेला न्यायचे होते. परवाना नव्हता. साधे दगड आहेत म्हणाला.

"असतीन. मले दगडातलं काही समजत नाही, म्हनूनच थांबवतो. वर विचारतो."

वामनराव जेवायला गेले. साहेबानं माझा हात हातात घेतला, मला 'मिस्टर' म्हणाला. मिस्टर झाल्यावर मला नाही म्हणवेना. मी वामनरावांचा शिक्का मारला.

पेट्या मुंबईच्या बंदरावर अडकल्या. दगड साधेच निघाले. पण परवान्यावाचून सोडले कुणी, हे विचारायला अधिकारी आला. एकाची नोकरी जाणार हे उघड होतं. मी मान खाली घालून उभा.

वामनराव म्हणाले, "शिक्का माहा हाये."

अधिकारी गेल्यावर मी पुटपुटलो, "काऊन असं केलं, भाऊ?"

"तुह्या घरी पाळना हलनार हाये. मी घरी गेलो काय अन् नाही गेलो काय, फक्त कुलपालेच समजते."

त्यांची नोकरी गेली. ते आपल्या गावी निघाले, तेव्हा अमडापूरच्या मोटारीत त्यांना बसवायला गेलो. वाटभर माफीचे शब्द जुळवत होतो. मोटार हलली. मी खिडकी धरून धावलो आणि ओरडलो,

"भाऊ, समोर बसा! मांगं धक्के लय लागते!"