मार्थाबाईंचा इसहाक

आमच्या शेजारच्या मार्थाबाई डोळे उघडे ठेवून, कमरेवर हात ठेवून प्रार्थना करतात. तीही ओट्यावर उभ्या राहून, सकाळी सहाला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. साताऱ्यात राहायला आल्यापासून मी हा छळ सोसतोय. तक्रार आवाजाची नाही. तक्रार मजकुराची आहे.

"प्रभू, ह्या कुलकर्ण्यानं कालपन कचरा माज्या दारात सारला. वर 'मी न्हवं' म्हनला. त्याला क्षमा कर. मला तर जमंना झालंय."

आता सांगा, ही प्रार्थना झाली? ही चहाडी झाली! आणि तीही थेट वरिष्ठांकडे, मला बाजू मांडायची संधी न देता. मी एकदा चिडून जाब विचारला, तर म्हणाल्या, "आवं, द्येवाला काय म्हायती न्हाई व्हय? मग त्याच्याम्होरं ग्वाड बोलून कुनाला फसवायचं?" चर्चमध्येही तीच तऱ्हा. कुणी 'हे प्रभो, मी तुझा अत्यंत नम्र दास' असं सुरू केलं की बाई मागून खाकरतात. पाळकसाहेबसुद्धा त्यांच्यासमोर जपून प्रार्थना करतात म्हणे.

बाई मूळच्या आटपाडीच्या. दवाखान्यात आया म्हणून उभी हयात गेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात एक शेळी. गेल्या वर्षी तिचं पोट फुगलं. मी तिचे पाय धरले, बाईंनी तेल पाजलं आणि ओरडल्या, "प्रभू, हिला वाचीव, पैलं करडू तुजं!" शेळी वाचली. पुढे तिला बोकड झाला आणि बाईंनी त्याचं नाव ठेवलं इसहाक.

नावातच डाव होता. बायबलमध्ये अब्राहाम आपला लाडका मुलगा इसहाक देवाला अर्पण करायला निघतो आणि देव त्याला ऐन वेळी थांबवतो. आपल्यालाही थांबवेल, असा बाईंचा होरा. इसहाक त्यांच्या बाजेवर झोपायचा, त्यांच्या ताटातली भाकरी खायचा आणि वर माझा मोगरा खायचा. सुगीचा सण जवळ आला तशी सकाळची प्रार्थना म्हणजे मंडईतली घासाघीस होऊन बसली.

"प्रभू, म्हनलं हुतं खरं. पर तवा मी भ्याले हुते. धा भोपळे देते. कोंबडी बी घे." मग जरा थांबून, "बरं, खोटं कशाला? मला त्यो द्याचाच न्हाई. माजं मन त्याच्यातनं तूच सोडीव."

या सणाला मंडळी घरचं धान्य, भाजी, कोंबड्या चर्चला वाहतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. नवसाचा साक्षीदार म्हणून बाईंनी इसहाकाबरोबर मलाही ओढून नेलं. वाटेत बाईंनी तीनदा आभाळाकडं बघितलं. वरून कुणी काही बोललं नाही. लिलावात फलटणचे एक पाहुणे इसहाकाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "लय बेस. ऐतवारी रस्सा झाक हुईल." माझं डोकंच फिरलं. आयुष्यात अंड्याला न शिवलेला मी कुलकर्णी, चर्चच्या अंगणात ओरडून ओरडून बोकडावर बोली लावत सुटलो! शेवटी घेतलाच.

"घ्या! देवानं सोडला समजा!"

बाई मागं सरल्या. "द्येवानं न्हाई, तुमी सोडीवला. दिल्यालं परत घिऊ? बरं शिकीवताय की!"

मला असा संताप आला! एवढं करून चोर मीच. बोकड माझ्या अंगणात बांधला. तो त्यांच्या घराकडं तोंड करून दिवे लागेपर्यंत ओरडत होता. बाईंनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजले, साडेसहा वाजले, ओट्यावरून आवाज नाही. मी तणतणतच उठलो. आज चांगलं सुनावायचं ठरवलं होतं. फाटकाशी गेलो तर बाई ओट्यावर बसलेल्या, आणि प्रार्थना चालली होती ती अगदी हळू.

"प्रभू, मन सोडीव म्हनलं हुतं, सोडीवलंस. तुज्यावर राग न्हाई माजा. न्हाई, हाय. थोडा हाय. घर लय रिकामं झालंय रं. तू तरी यिऊन बस वाईच."

फार वाईट वाटलं मला. फाटक उघडून आत गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो.

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग वर पाहिलं.

"तुला बोलीवलं, तर ह्याला धाडलास व्हय?" म्हणाल्या, आणि मला नीट बसता यावं म्हणून जरा सरकल्या.