गेटवरची पांढरी रेषा

सरूबाईंचं पत्र मला १९७५च्या श्रावणात आलं. साधं पोस्टकार्ड होतं आणि प्रश्नही एकच होता: "त्या दिवशी आमच्या घरधन्यांच्या तोंडाला दारूचा वास आला होता का, एवढंच लिहून पाठवा." उत्तर एका शब्दाचं होतं. ते लिहायला मला सहा वर्षं लागली.

मी पिंपरीतल्या एका कारखान्यात टाइम ऑफिसचा कारकून होतो. गेटच्या आत सुरक्षा सप्ताहात मारलेली वीस फुटांची पांढरी रेषा होती. कामगार नशेत आहे की नाही, हे ठरवण्याची ती अधिकृत पद्धत. संशयिताने रेषेवरून चालायचं आणि मी फॉर्म भरायचा. फॉर्मात रकाने दोनच: 'सरळ' आणि 'वाकडा'. वासाचा रकाना नव्हता. वास फाईलला लावता येत नाही.

सरूबाईंचे घरधनी सोपानराव चिखलीचे, लेथवर बारा वर्षं. त्या बुधवारी पहिल्या शिफ्टला ते भिंत धरतच आले आणि गेटवर त्यांना उलटी झाली. जीभ जड झाली होती. लष्करातून निवृत्त होऊन आमच्या गेटवर पहाऱ्याला असलेले देहूरोडचे हवालदार दत्तोबा यांनी त्यांना शिस्तीत रेषेवर उभं केलं. दुसऱ्याच पावलाला सोपानराव कलंडले, ते थेट माझ्या अंगावर. त्यांचं तोंड माझ्या नाकापासून वीतभर होतं.

"साहेब, मी प्यायलो न्हाई," ते म्हणाले. "जिमीन फिरतीया. तुमी दोन दोन दिसताय."

"एक साहेब पुरत नव्हता व्हय, राव?" दत्तोबा म्हणाले.

सगळी शिफ्ट हसली. मीही हसलो, आणि 'वाकडा'समोर खूण केली.

कंपनीचे डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येत, त्यामुळे तपासणी कंपाउंडरने केली. लकवा म्हणजे तोंड वाकडं आणि एक बाजू लुळी, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. सोपानरावांचं तोंड सरळ होतं. हात दाबायला सांगितला तर त्यांनी असा दाबला की कंपाउंडरच ओरडला. लकवा नाही, सबब दारू. मग नशा उतरेपर्यंत त्यांना बाकड्यावर निजवलं. चार तास ती उतरली नाही, तेव्हा दारू भारी प्रतीची असावी असं मत पडलं.

सरूबाईंनी टेम्पो करून त्यांना पुण्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रेषा शोधली नाही. नाकाला बोट लावून मग माझ्या बोटाला लावा, म्हणाल्या. सोपानरावांचं बोट कानाकडे गेलं. टाच नडगीवरून नीट खाली येईना. डोळे एका बाजूला थरथरत होते.

"झटका मेंदूच्या मागच्या भागात आलाय," त्या सरूबाईंना म्हणाल्या. "रक्तदाब आणि विड्या. मानेतून मागे जाणारी रक्तवाहिनी तुंबली. तिथला लहान मेंदू तोल सांभाळतो. तो बिघडला की अंगात जोर राहतो, पण चाल दारुड्याची होते. आता तिथे सूज आली तर जिवावर बेतेल. इतका वेळ होतात कुठे?"

"बाकड्यावर," सरूबाई म्हणाल्या.

सूज वाढली नाही. रक्तदाबाची औषधं सुरू झाली, विड्या सुटल्या आणि भिंतीला धरून सोपानराव पुन्हा चालायला शिकले. पुढे शेताच्या बांधावर सराव केला.

दवाखान्याचा दाखला कार्मिक अधिकारी अर्जुनराव यांनी बारकाईने वाचला. मेंदू लहान आहे, तेव्हा रजाही लहान, म्हणून त्यांनी तीन दिवस मंजूर केले. भरपाईच्या यादीत बोट, डोळा, पाय होते, मेंदू नव्हता. कामगाराला तो असल्याची नोंद कार्यालयाकडे नाही, असा शेरा पडला.

पाच महिन्यांनी चौकशी झाली. सोपानरावांना पुन्हा रेषेवर चालवलं. ते सरळ गेले, वळले आणि सरळ परत आले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण माझे हात टाइपरायटरवर होते.

अर्जुनरावांनी मजकूर सांगितला: "कामगार आज सरळ चालला. म्हणजे त्याच्या पायांत दोष नाही. म्हणजे त्या दिवशी तो नशेतच होता." पडले असते तर कामास अपात्र ठरले असते. ते बडतर्फ झाले. टायपिंगमध्ये माझी एकही चूक नव्हती.

मग पोस्टकार्ड आलं. मी सहा कच्चे मसुदे केले आणि भीती वाटली म्हणून, उत्तर देण्याची परवानगी मिळावी, असा अर्ज केला. तो निवृत्तीपर्यंत विचाराधीन राहिला. निरोपाच्या नारळासोबत कळवलं गेलं की विषय आता कालबाह्य आहे.

कामगार न्यायालयात तो कालबाह्य नव्हता. तिथे बडतर्फीच्या दाव्याची पुढच्या महिन्यात तारीख आहे. सोपानराव चिखलीत भाच्याच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवतात, पोट भरतं. पण लग्नाच्या पंगतीत पाणी वाढणारा अजून विचारतो, "तात्या, नुसतं पाणीच ना?" त्यांना तेवढं पुसून हवंय.

आज सकाळी मी लिहिलं: "नाही. वास आला नव्हता. उलटीचा आला, दारूचा नाही. हे मी न्यायालयात येऊन सांगेन." चिंचवडच्या पोस्टात रजिस्टर करायला गेलो. सही करताना दौत सांडली, आणि खिडकीपासून मागे वळताना पाय अडखळला.

"आजोबा, सकाळी सकाळीच?" रांगेतून कोणीतरी म्हणालं, आणि तुमच्यासारखी चांगली, शिकलेली माणसं हसली.

पत्र गेलं होतं. पावती खिशात घालून मी त्यांच्याकडे पाहिलं. वास त्यांच्यापैकी एकालाही आला नव्हता.