ब्रेकबाईंचं पोट

लपवायची गोष्ट नुसती लपवून लपत नाही, तिच्यापुढे तिच्याहून मोठी गोष्ट उभी करावी लागते, असं ब्रेकबाईंचं ठाम मत होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो त्या इतक्या तत्परतेने दाबत, की शिकणाऱ्यांनी त्यांना हेच नाव ठेवलं होतं. जगातली निम्मी माणसं गिअर न टाकता रेस देतात आणि उरलेली हँडब्रेक न काढता, हे त्यांचं मानवजातीविषयीचं एकंदर निरीक्षण. त्यातून घरची माणसंही सुटत नसत.

बाईंकडे लपवायची गोष्ट एकच होती, पण ती दोन ठिकाणी होती. धाकटीचं दूध सुटल्यावर आरशात जे शिल्लक दिसलं, ते त्यांना पसंत पडलं नव्हतं. त्यांनी सिलिकॉनच्या पिशव्या बसवून घेतल्या. घरी सांगितलं, अवजड वाहनांच्या प्रशिक्षणाला जाते आहे. खरं काय ते फक्त नवऱ्याला ठाऊक. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या थोरल्या नणंदेला, म्हणजे वन्संना, मात्र कळता कामा नये. कारण वन्संना कळलेली बातमी लिफ्टच्या आधी तळमजल्यावर पोचत असे.

बरीच वर्षं निभावलं. मग डावी बाजू कडक होत वर सरकू लागली. एके दिवशी शिकायला आलेल्या एका निवृत्त कारकुनाने कचकन ब्रेक मारला, सीटबेल्ट छातीत रुतला आणि बाईंच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय झालं, काका?"

"कुत्रा."

"तो फुटपाथवर झोपलाय."

"उठला असता तर?"

बाईंनी खिडकीची काच खाली केली. त्यांना श्वास घेता येत नव्हता.

सर्जनच्या दवाखान्यात भिंतीवर हसऱ्या बायकांचे फोटो होते. सगळ्यांना एकाच दिवशी बढती मिळाल्यासारखं त्या हसत होत्या. कोपऱ्यात एक खोटा धबधबा विजेवर वाहत होता. बाईंनी दोन्हींकडे सारख्याच तुच्छतेने पाहिलं.

"पिशवीभोवती शरीर एक आवरण तयार करतं," सर्जन म्हणाले. "तुमचं आवळत चाललंय. दुखणं वाढतच जाणार. पिशव्या बदला, नाहीतर काढून टाका."

"काढा. आता मला कोणाला काय दाखवायचंय?"

सर्जनची नजर सावकाश खाली उतरली. "त्याच भुलीत टमी टकही होऊन जाईल. पोटावरची सैल कातडी काढायची, ढिले स्नायू शिवून घ्यायचे. नाहीतरी आपण टेबलावर असणारच."

"आपण? टेबलावर मी असणार. तुम्ही बाजूला उभे."

असा टोला हाणून बाई बाहेर पडल्या खऱ्या, पण जिना उतरता उतरता त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दोन्ही कामं एकदम केली, तर कित्येक आठवडे घरी पडून राहावं लागणार. वन्सं रोज समाचाराला येणार. मग पोटाचं ऑपरेशन उघड सांगून टाकावं. सगळं घर पोटाकडे बघत राहील, वर कोण बघतो?

त्या उलट्या पावली वर गेल्या, दोन्ही कामांची तारीख घेतली आणि त्याच संध्याकाळी वन्संकडे चहाला गेल्या.

"मी पोट कापून घेणार आहे," त्या म्हणाल्या.

वन्संनी कप खाली ठेवला. "कोणाचं?"

"माझंच. दुसऱ्याचं कापायला लायसन लागतं."

"अगं, आपल्या घरात माणसं पोट घेऊन जगली आणि पोट घेऊनच गेली. सुऱ्या कसल्या लावून घेतेस? मी उतरवते तुझं पोट."

इथे ब्रेकबाईंना ब्रेक सापडला नाही. पोट खुपतं म्हणणाऱ्या बाईने पोट उतरवायला नकार दिला, तर कोणालाही संशय येईल. शिवाय तारीख देताना सर्जननेही थोडं वजन कमी करून या, असं सांगितलं होतंच. त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी वन्सं हिरव्या रसाचा पेला घेऊन दारात उभ्या. काकडी, पालक, भोपळ्याच्या बिया आणि "एक वस्तू, जी मी सांगणार नाही." चव अशी, की गवत कापायचं यंत्र धुऊन ते पाणी गाळलं असावं. रस पोटात गेला की पार्किंगमध्ये फेऱ्या. बाई पुढे, वन्सं मागे, हातात पेला, कारण अर्धा रस नेहमी उरलेला असे. नवऱ्याने या सगळ्यात एवढीच मदत केली, की बाईंच्या ताटातली बटाट्याची भाजी तो स्वतः संपवू लागला.

रसात काही असो वा नसो, उपाशी माणूस वाळतोच. बाई वाळल्या. गाल गेले, दंड गेले, पोट गेलं. जागचं हललं नाही ते फक्त सिलिकॉन. पूर्वी ते भरल्या देहात मिसळून जायचं. आता काठीला दोन नारळ बांधावेत तशी बाईंची आकृती झाली, त्यातही डावा नारळ चांगला वीतभर वर.

"तुझे हेडलाइट एका रेषेत नाहीत," नवरा म्हणाला.

"तुझा तर मेंदूच लायनीत नाही. वन्संनी काही विचारलं?"

"नाही. पण हल्ली ताई तुझ्याशी बोलताना तुझ्या चेहऱ्याकडे बघत नाही."

जिन्यातच गाठ पडली. वन्संनी बाईंना आधी समोरून पाहिलं, मग बाजूने, आणि त्या एक पायरी खाली उतरल्या.

"अगं, एक विचारू? सगळं उतरलं. हेच कसं नाही उतरलं?"

बाईंनी घाईघाईने छातीवर हातांची घडी घातली.  वन्संचा चेहरा हळूहळू उजळला.

"भोपळ्याच्या बिया," त्या पुटपुटल्या. "अगं, बाकी सगळ्यांचे रस सरसकट उतरवतात. माझा निवडून उतरवतो."

बाईंनी मान डोलावली. आपली अक्कल आपल्याला वाचवत नाही तेव्हा दुसऱ्याचा मूर्खपणा वाचवतो, असं त्यांना वाटलं, आणि त्यातच त्या फसल्या.

त्या रविवारी वन्संच्या दिवाणखान्यात इमारतीतल्या झाडून साऱ्या बायका जमल्या. टेबलावर बाटल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या. बाईंना खिडकीजवळ बाजूने दिसतील असं उभं केलं गेलं. पडद्यामागून उजेड यावा अशी व्यवस्था होती.

"सुरी लागली नाही," वन्सं सांगत होत्या. "ही तर पोट कापायला निघाली होती. आता कापायला पोट आहे कुठे? तारीख रद्द करायला सांगितलीय मी."

बाईंनी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तो बाटल्यांची झाकणं लावत होता.

"ताई म्हणाली, आता काय गरज," तो म्हणाला.

पुढे उभी केलेली मोठी गोष्ट वितळून गेली होती, आणि मागची आता भर खिडकीत उभी होती. आदल्याच दिवशी निवृत्त कारकुनाने एका पतंगासाठी ब्रेक मारला होता. रात्री बाईंना डाव्या कुशीवर वळता येत नव्हतं. ऑपरेशन टाळलं तर आयुष्यभर हे असंच दुखत राहणार, आणि कशासाठी, तर भोपळ्याच्या बियांची अब्रू राखण्यासाठी.

"बास झालं," बाई म्हणाल्या. "यात रसाचं काही नाही. हे सिलिकॉन आहे. धाकटीच्या वेळेनंतर मी बसवून घेतलं. डावं बिघडलंय, दुखतंय, आणि मी ते काढून टाकणार आहे."

 एवढी वर्षं जपलेलं गुपित बाहेर पडलं, आणि बाईंना छातीवरचा बेल्ट सोडल्यासारखं मोकळं वाटलं.

मग दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका उठली. "रसाची कृती सांगायची नसेल तर राहू दे, पण एवढं खोटं कशाला? बाटल्या घरच्यांनाच पुरवायच्या असतील, तर तसं म्हणा ना."

"काही बायकांना दुसरीचं चांगलं झालेलं बघवतच नाही," कोणीतरी मागून म्हणालं.

वन्संनी बाईंना स्वयंपाकघरात ओढलं. "गुपित राखतेस हे छान आहे गं. पण आधी मला एकटीला खूण करायचीस. केवढी दचकले मी."

"वन्सं, मी खरं बोलतेय."

"हो हो," वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी डोळा मारला.

बाईंनी स्वतः दवाखान्यात जाऊन पुन्हा तारीख घेतली. सर्जन म्हणाले, वजन उतरल्याने पोटावरची कातडी लोंबतेय, आता टमी टक खरोखरच हवं. दोन्ही झालं. पिशव्या गेल्या, पोट शिवलं गेलं, आणि टाके ताणू नयेत म्हणून बाई कमरेत वाकून, भिंतीला धरून घरात फिरू लागल्या. डाव्या कुशीचं दुखणं मात्र गेलं होतं, आणि बाकी कोण काय म्हणतं याला आपण काडीची किंमत देत नाही, असं त्या नवऱ्याला रोज सांगत.

समाचाराला बायका आल्या. त्यांनी सपाट छाती पाहिली, खोल गेलेले डोळे पाहिले, काटकोनात वाकलेली पाठ पाहिली आणि एकमेकींकडे पाहिलं.

"रस कधी सोडला?" शिक्षिकेने हळूच विचारलं.

"ऑपरेशनच्या आधी बंद करायला लावला त्या डॉक्टरने," वन्सं म्हणाल्या. "बघा, काय दशा झाली."

बायकांनी जाताना दोन-दोन बाटल्या नेल्या. वन्सं पेला भरून बाईंसमोर आल्या. बाईंनी तो घेतला आणि निमूटपणे पिऊन टाकला. वाद घालायला ताठ उभं राहावं लागतं, आणि तशी परवानगी डॉक्टरांनी अजून दिली नव्हती.