संत्र्याचं पुस्तक आणि चंदनाचा हार

हेमंतने रविवारी सकाळी ठरवलं, सासऱ्यांना एक पुस्तक मिळवून द्यायचं. एवढंच. बाकीचं सगळं आपोआप घडत गेलं.

सासऱ्यांचा लोधीखेड्याचा संत्र्याचा बगीचा डिंक्या रोगाने वाळू लागला होता. त्या रोगावरचं जुनं, अनुभवातून लिहिलेलं पुस्तक सौंसरच्या वाचनालयात होतं, आणि तिथला ग्रंथपाल होता खुद्द हेमंत. प्रत एकच, तीही अशी की पान उलटलं की हातात यायचं. छापखाना तर कधीच बंद पडलेला.

"फोटो काढा न् पाठवा फोनवर," त्याची बायको वंदना म्हणाली. "बाबा रोज इचारून राहिले."

"तसं नाही जमत. कॉपीराइट असते. लेखक गेल्यावर साठ वर्षं थांबा लागते."

"तवरिक झाडं थांबतीन काय?"

खरं तर या कायद्याचा हेमंतलाही राग यायचा. जे पुस्तक बाजारात मिळतच नाही, ते वाचनालयाने लोकांना फोनवर का देऊ नये? कायदा बदलला पाहिजे, असं तो दिसेल त्याला पकडून ऐकवायचा. (लोक रस्ता बदलायचे.) पण नियम मोडायचा म्हटलं की तोच आधी मागे सरायचा.

लेखक यशवंतराव वारले आहेत, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. वाचनालयाच्या भिंतीवर त्यांचा चंदनाचा हार घातलेला फोटो होता आणि दर वर्धापनदिनी हेमंत स्वतः त्याला उदबत्ती ओवाळायचा. म्हणजे प्रश्न उरला वारसांच्या परवानगीचा. नवराबायको स्कूटरवरून रामाकोन्याला, यशवंतरावांच्या घरी पोचले. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं.

"यशवंतरावांच्या घरचे ना तुमी?" हेमंतने आवाज जड केला. "फार मोठा माणूस होता हो! त्यांना जाऊन किती वर्षं झाली?"

"कुठं जाऊन?" म्हातारबा म्हणाले. "सकाळी बगीच्यात गेलतो. आत्ताच तं आलो."

हेमंतच्या तोंडून जे निघायला नको होतं तेच निघालं. "अरे देवा! म्हणजे साठ वर्षं अजून सुरूच नाही झाली!"

वंदनाने असा चिमटा काढला, की त्याने घाबरून सगळंच सांगून टाकलं. बगीचा, कायदा, हार, उदबत्ती, सगळं. यशवंतराव खोकला येईपर्यंत हसले.

"बाप्पा! वाचनालयाचा अध्यक्ष होतो तवा फोटो मीच देल्ला होता. आता समजलं, मले वर्धापनदिनाचं बोलावणं काहून येत नाही!" त्यांनी डोळे पुसले. "बापू, लोकायनं वाचावं म्हणूनच लिहिलं मी ते. देतो परवानगी. कायदा बदलन तवा बदलन. अन् मलेही पाठवजो, माह्याजवळ प्रतच नाही. पण एक अट हाये."

अट ऐकून हेमंतचा चेहरा उतरला. वंदनाने मात्र लगेच "मंजूर" म्हटलं.

आता ते पुस्तक तालुक्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांच्या फोनवर आहे. सासऱ्यांच्या झाडांना नवी पालवी फुटली, तेव्हा आनंदाच्या भरात ते स्वतः वाचनालयात आले. भिंतीवर यशवंतराव बिनहाराचे हसत होते. शेजारी, अटीप्रमाणे, तोच चंदनाचा हार घालून हेमंतचा फोटो.

सासऱ्यांनी चप्पल काढली, हात जोडले आणि डोळे मिटून उभे राहिले. हेमंत काउंटरमागून बघत होता. जावयाला एवढा मान त्यांनी जिवंतपणी कधी दिला नव्हता.