तिसऱ्या मजल्यावरचं अर्थिंग

अडाणी माणूस विजेला घाबरतो, म्हणून जगतो. शिकलेला माणूस एक पुस्तिका वाचतो आणि घरादाराच्या जिवावर उठतो. आमचे जावईबापू शिकलेले.

नवा एक्स्टेन्शन बोर्ड आणल्यापासून त्यांचा फ्रिज हात लावेल त्याला चावत होता. बायको म्हणाली, बाबांना बोलवू. बाबा तीस वर्षं वायरमन. पण त्यांनीच भर लग्नात जावयाला ‘पुस्तकराव’ ही पदवी दिली होती, आणि ती पुसायची ही एकच संधी होती.

“मी करतो. गळकी वीज मातीत सोडायची, एवढंच! त्यात काय डोंगर पोखरायचाय?”

घर तिसऱ्या मजल्यावर. माती काय ती बाल्कनीतल्या मिरचीच्या कुंडीत. जावईबापूंनी फ्रिजच्या मागच्या स्क्रूला हिरवी वायर बांधली, दुसरं टोक कुंडीत गाडलं, वर पुस्तिकेबरहुकूम मीठ, कोळसा आणि रोज बादलीभर पाणी. मिरची दोन दिवसांत गेली. विज्ञानाला बळी लागतोच. मग रबरी चपला घालून त्यांनी फ्रिजला हात लावला. झटका नाही! लगेच सासऱ्यांना फोन गेला, या, कामगिरी बघायला या.

सासरे आले. झाडांचा वेडा माणूस, चपला दारात काढून आधी मिरचीकडेच गेला. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्यांनी कुंडीत बोट खुपसलं, आणि सत्तरीचा म्हातारा चिमणीसारखा उडाला.

“आधी एकटा फ्रिज चावायचा,” बायको म्हणाली. “आता मिरचीपण.”

सासऱ्यांनी श्वास घेतला. “कुंडीखाली काय आहे?”

“स्टूल.”

“त्याखाली?”

“फरशी.”

“आणि तिच्याखाली?”

“खालच्यांचं स्वयंपाकघर.”

“म्हणजे विजेनं जिना उतरून जायचं होय?”

त्यांनी बटण बंद करून फ्रिजचा प्लग उपसला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन मुळापासून कापलेली.

“वीज जमिनीत नेणारी पिन हीच. कुणी कापली?”

“बोर्डाला दोनच भोकं होती,” जावईबापू कुंडीकडे बघत म्हणाले.

सासऱ्यांनी वायर उपटली, नवा प्लग बसवला, बोर्ड कचऱ्यात टाकला आणि फ्रिज भिंतीतल्या तीन भोकांत जोडला. दहा मिनिटांचं काम. निघताना त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

“आजपासून तुम्हाला पुस्तकराव म्हणणार नाही.”

जावईबापूंचा चेहरा उजळला.

“पुस्तकांची बदनामी होते,” म्हातारा म्हणाला आणि जिना उतरला.