निहारच्या बॉक्समधले सतरा रिकामे किलो

जाणारा माणूस हा सार्वजनिक असतो. तो कुठे जातो आणि कशाला जातो, हा त्याचा खाजगी प्रश्न झाला. पण तो जातो आहे हे एकदा कळलं, की त्याच्यावर आणि विशेषतः त्याच्या सामानावर समाजाचा हक्क निर्माण होतो. हा हक्क कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. (श्वास घेण्याचाही लिहिलेला नाही.)

बोरीवली पूर्वेला आमची अठ्ठेचाळीस बिऱ्हाडांची सोसायटी आहे आणि मी, राजाराम, गेली अकरा वर्षं तिचा सेक्रेटरी आहे. (माझ्याविरुद्ध कोणी उभंच राहत नाही. यालाच विश्वास म्हणतात.) आमच्या सातव्या मजल्यावरचा निहार हिमाचलात माउंटन बाइकच्या शर्यतीला जाणार, हे मला त्याच्या आईकडून, नलिनीताईंकडून, पाण्याच्या टाकीवर बोलता बोलता कळलं. सात दिवस, सात टप्पे. रोज एक डोंगर चढायचा आणि पलीकडे उतरायचं. दोनदा अर्ज नाकारला गेल्यावर गेल्या वर्षी त्याचा नंबर लागला होता. दोन वर्षं पोरगा पहाटे पाचला उठून कान्हेरीच्या चढावर सायकल मारायचा आणि मग पवईला ऑफिसला जायचा. वडे सोडले, लग्नातली पंगत सोडली, सख्ख्या मेहुण्याच्या साखरपुड्यात काकडी खाऊन उठला. सातही टप्पे पुरे करायचे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. आम्हाला त्याचा अभिमान होता, हे मी आधीच नोंदवून ठेवतो.

सायकल सुटी करून पुठ्ठ्याच्या मोठ्या बॉक्समध्ये भरायची, तो बॉक्स विमानाने चंदीगडला आणि तिथून बसने कुलूच्या बाजूला न्यायचा, असा त्याचा बेत होता. बॉक्सला तीस किलोची परवानगी. सायकल तेरा किलो. म्हणजे सतरा किलो नुसती हवा चंदीगडला जाणार! हे ऐकून आमचे चेअरमन अण्णा, मूळचे मालवणचे, गिरणीतून निवृत्त झालेले, हातातला चहा प्यायचेच विसरले.

दुसऱ्याच दिवशी मी परिपत्रक काढलं. सोसायटीत पाहणी केली, तेव्हा अठ्ठेचाळीसपैकी एकेचाळीस बिऱ्हाडांचं त्या बाजूला कोणी ना कोणी निघालं. उरलेल्या सातांपैकी पाच जणांना ते संध्याकाळपर्यंत आठवलं. एका काकूंचा भाचा गुवाहाटीला होता. तो वाटेवर नाही, असा आक्षेप निहारने घेतला. परंतु नकाशात दोन्ही गावं वरच्याच बाजूला असल्यामुळे आक्षेप फेटाळण्यात आला.

निहारची बायको गार्गी जरा तोंडाने फटकळ आहे. ती भर जिन्यात म्हणाली, "आई, तो रेसला चाललाय. कुरिअरवाला नाहीये तो!"

"अगं, एवढंसं तर आहे," नलिनीताई म्हणाल्या. "नाही म्हटलं तर पद्मजा काय म्हणेल?"

पद्मजाताई म्हणजे तिसरा मजला. त्या काय म्हणतील, याची कल्पना सगळ्या सोसायटीला असल्यामुळे विषय तिथेच संपला.

मग यासाठी नेमलेल्या उपसमितीने प्रवासाचा आराखडा हातात घेतला. निहारला दोन दिवस आधी जाऊन उंचीची सवय करून घ्यायची होती. उपसमितीने यावर सखोल विचार केला. अर्जदार सातव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट महिन्यातून सरासरी अकरा दिवस बंद असते. सबब उंचीची सवय झालेली समजावी. हे दोन दिवस चंदीगड, पंचकुला आणि अंबाला इथल्या वाटपाला देण्यात आले. शर्यतीच्या मार्गाचाही अभ्यास झाला. तिसरा टप्पा संपायच्या जरा अलीकडे एका गावात अण्णांच्या गिरणीतल्या सोबत्याचा जावई राहतो. त्याचं घर रस्त्यापासून नऊ किलोमीटर आत आहे, पण निहार सायकलवरच असणार म्हणून ते अंतर धरलं नाही.

शुक्रवारचं विमान. बुधवारी निहारने सायकल नीट गुंडाळून बॉक्समध्ये भरली आणि बॉक्स सोसायटीच्या ऑफिसात ठेवून गुरुवारी तो पवईला गेला. इकडे सामान येऊ लागलं. कुळथाचं पीठ, मेतकूट, भाजणी, दोन बाटल्या कोकमाचं आगळ, फॉल लावायच्या राहिलेल्या तीन साड्या, एक खलबत्ता, कुकरची रिंग. (रिंग चंदीगडलाही मिळते. पण बोरीवलीच्या दुकानातली ती बोरीवलीच्या दुकानातली.) अण्णांचे दोन किलो सोडे, म्हणजे सुकी कोळंबी. एक तुळशीचं रोप, कुंडीसकट. त्यासाठी बॉक्सवर बाण काढून 'हे तोंड वर' असं मी स्वतः लिहिलं.

रद्दीवाल्याला काटा घेऊन बोलावलं. बॉक्स त्रेचाळीस किलो भरला.

तेरा किलो कमी करायचे होते. सभा घेतली. रीतसर एकेक वस्तू उचलून विचारायचं, ही कुणाची, काढायची का? ज्याची वस्तू, तो समोरच बसलेला. कोण हो म्हणेल? तासाभराने असं लक्षात आलं, की बॉक्समधल्या एकाच वस्तूचा मालक सभेला गैरहजर आहे. योगायोगाने तिचं वजनही बरोबर तेरा किलोच होतं.

माझं मन जरा कचरलं, खोटं का बोलू? पण अण्णांनी मुद्दा मांडला. "सायकल थंयसरय गावतली," ते म्हणाले. "सोडे गावतले काय?"

सायकल तिकडेही मिळेल, सोडे मिळायचे नाहीत, हे सगळ्यांना पटलं. ठराव एकमताने मंजूर झाला. (नलिनीताई तटस्थ राहिल्या. त्या पद्मजाताईंच्या शेजारी बसल्या होत्या.) सायकल सुखरूप मीटर रूममध्ये ठेवली आणि तशी नोटीस लगेच बोर्डावर लावली. निहारने ती वाचली नाही. बोर्ड लिफ्टशेजारी आहे, लिफ्ट बंद होती आणि हा जिन्याने धावत जातो, त्याला आम्ही काय करणार? शुक्रवारी सकाळी विमानतळावर बॉक्स बरोबर तीस किलो भरला, त्यामुळे त्याला शंकाही आली नाही. पॅकिंगच्या दर्जाला याहून मोठं प्रमाणपत्र नसावं.

दुपारी फोन आला. तो चंदीगडला पद्मजाताईंच्या भाचीच्या घरी बॉक्स उघडून बसला होता.

"राजारामकाका, यात सायकल नाहीये."

"नोटीस वाचली नाहीस का?"

मग तो म्हणाला, "काका, दोन वर्षं... दोन वर्षं मी वडा खाल्ला नाही हो."

रडत होता तो. मलाही वाईट वाटलं, अगदी मनापासून. मी विचारलं, "तुळस ठीक आहे ना?"

तुळस ठीक होती. निहारने तिथल्याच एका दुकानातून भाड्याने सायकल घेतली, म्हणजे अण्णांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं. आणि काय सांगू, पोरगं जिद्दीचं! भाड्याच्या जड सायकलवर पहिल्या टप्प्यात एकशेवीस जणांत तेविसावा आला, दुसऱ्या टप्प्यात सतरावा. आम्ही गच्चीवर पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी शेवटच्या चढावर तो अकरावा होता, आणि तिथेच जावईबापू रस्त्याच्या मधोमध हात आडवे करून उभे राहिले. अण्णांनी त्यांना निहारचा नंबर आणि शर्टाचा रंग आधीच कळवून ठेवला होता.

निहार म्हणाला, सोड्यांचं पार्सल बसस्टँडजवळच्या हॉटेलात ठेवलंय, उद्या आणून देतो. जावईबापू म्हणाले, ते राहू दे, आधी घरी चल, आईने राजमा टाकलाय, जेवल्याशिवाय सोडणार नाही. आता माणसाने काय करावं? इथे नलिनीताईंचं वळण दिसलं. पोराला नाही म्हणता आलं नाही. तो नऊ किलोमीटर आत गेला, दोनदा राजमा घेतला आणि वेळेची मर्यादा उलटून गेल्यावर तासाभराने टप्पा संपवायला आला. शर्यतीतून बाद.

मात्र यामुळे त्याला चार दिवस मोकळे मिळाले आणि वाटप शंभर टक्के पूर्ण झालं. (गुवाहाटी वगळता. त्या काकू अजून त्याच्याशी बोलत नाहीत.) बॉक्स रिकामा आणणं बरं दिसलं नसतं, म्हणून येताना सफरचंदं, अक्रोड, राजमा आणि सहा शाली आल्या. वजन बरोबर तीस किलो. आल्यावर तो कुणाशी न बोलता मीटर रूममध्ये गेला आणि सायकलवरची धूळ पुसत बसला. गार्गी आठ दिवस माझ्याकडे बघत नव्हती.

यंदा त्याचा पुन्हा नंबर लागलाय. या वेळी त्याने सोसायटीत कोणालाही सांगितलेलं नाही आणि गार्गीने घरातल्या सगळ्यांना तोंड बंद ठेवायची शपथ घातली आहे. मला नलिनीताईंनी सांगितलं, ते विश्वासाने. मी तुम्हाला सांगतोय, तेही विश्वासानेच. तुम्ही मघापासून आम्हाला हसताय, ते मला दिसतंय. पण चंदीगडचं नाव वाचल्यावर तुम्हालाही कोणीतरी आठवलंच असेल. मावसबहीण? बरं, चुलत नणंद. हरकत नाही. तो शुक्रवारी निघतोय; गुरुवारी सकाळी अकरापर्यंत ऑफिसात आणून ठेवा. एवढंसंच तर असेल तुमचं.