दुसरी खुंटी

रोज सकाळी अकराला आणि दुपारी तीनला कर्णिक मॅडम खुर्चीवरून उठायच्या, पर्समधून पितळी किल्ली काढायच्या आणि जाहीर करायच्या, "थिओडोलाइट बघून येते."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सायखेड्याचा, घराण्यातला पहिला पदवीधर. नाशिकच्या आमच्या कालव्यांच्या कचेरीत ज्युनिअर इंजिनिअर म्हणून नवाच लागलो होतो. कोन मोजायच्या त्या यंत्राची एक बाई एवढी काळजी घेते, याचं मला कौतुक वाटलं. आठव्या दिवशी मी म्हणालो, "मॅडम, उद्याच्या सर्वेला ते थिओडोलाइट मिळेल का?"

सगळी कचेरी फायलीत तोंड घालून हसली. शेवटी घोटीचा शिपाई रंगनाथ मला व्हरांड्यात घेऊन गेला. "सायेब, तिथं यंत्र नाय. बायांचा संडास हाय त्यो. आन् बाई एकच हाय."

मॅडम इंजिनिअर झाल्या तेव्हा कॉलेजात मुलगी त्या एकट्याच. आमच्या कचेरीतही एकट्या. पहिली दोन वर्षं त्या चौकीदाराच्या बिऱ्हाडी जात. स्त्रियांसाठी संडास मागितला तर प्रस्ताव दोनदा परत आला. एका महिलेसाठी खर्च करता येत नाही, असा शेरा. तिसऱ्यांदा त्यांनी त्याच नकाशावर लिहिलं, 'उपकरण कोठी, पाण्याच्या सोयीसह'. आठ दिवसांत मंजुरी.

मी माफी मागायला गेलो तर म्हणाल्या, "माफी राहू द्या. उद्या किती माणसं लागतील?"

"अंदाजे सहा."

"अंदाजे नको, आव्हाड. मोजून सांगा."

हा त्यांचा मंत्र. मंडईत भाजीवालीने "ताई, अंदाजे पाव किलो" म्हटलं तरी तो ऐकवत. साडीच्या निऱ्यांना पिना, पायात कॅनव्हासचे बूट, अशा थाटात त्या कालव्याच्या बांधावर आम्हा पोरांच्या पुढे चालत. लेव्हल, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायची दुर्बीण, लावायला मला खरं त्यांनीच शिकवलं. कॉलेजात मी ती नुसती पाहिली होती.

माझ्या लग्नाला त्या सायखेड्याला आल्या. वडिलांनी माझ्या साहेबांसाठी खास फेटा आणून ठेवला होता. ते वेशीकडे बघत बसले.

"सायेब कवा येनार रं?"

"दादा, ह्याच साहेब."

वडील गडबडले. "मंग फेटा कोनाला बांदू?"

मॅडमनी डोकं पुढे केलं. "बांधा. पण आधी तो मांडवाचा खांब सरळ करा. दीड इंच कललाय." खांब सरळ झाला, फेटा बांधला गेला, आणि पंगतीत आमच्या गावच्या बाया जेवायचं सोडून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

एकदा वरून तपासणीला साहेब आले. यादी वाचत म्हणाले, "उपकरण कोठी आहे, उपकरण कुठंय?"

"वापरात आहे," मॅडम म्हणाल्या.

"उघडून दाखवा."

मॅडमनी किल्ली पुढे धरली. "जा. बादली भरलेली आहे."

साहेबांनी दाराशी हसू दाबून उभ्या रंगनाथच्या तोंडाकडे पाहिलं, आणि यादीवर खूण करून पुढच्या खोलीकडे वळले.

पुढे मॅडम निवृत्त झाल्या. नव्या साहेबांना ती कोठी जुन्या फायलींसाठी हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. निरोपाचा चहा झाल्यावर मॅडमनी किल्ली माझ्या हातात दिली. "पुढच्या बाईला द्या. तोवर कुणाला उघडू देऊ नका."

"कधी येईल ती, मॅडम?"

त्यांनी पर्स बंद केली. मग म्हणाल्या, "अंदाजे... येईलच." हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा प्रथम ऐकला.

साहेबांनी आठवड्यातच किल्ली मागितली. नोकरीत मी मुद्दाम खोटं बोललो ते तेवढंच. "सर, नाजूक यंत्र आहे. धूळ चालत नाही." त्यानंतर दर दोन-चार महिन्यांनी ते विचारत आणि मी धुळीचं कारण सांगत राहिलो. तीन वर्षं.

मग पिंपळगाव बसवंतची एक मुलगी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाली. दुपारपर्यंत ती अवघडून खुर्चीत बसून होती. काय ते माझ्या ध्यानात आलं. मी किल्ली काढली आणि रंगनाथला पाणी भरायला सांगितलं. कुलूप गंजलेलं, म्हणून मीच दार उघडून दिलं.

आत दाराशेजारी दोन खुंट्या होत्या. एकीचा रंग घासून घासून लाकूड उघडं पडलं होतं. दुसरीचा रंग लावल्या दिवसासारखा.

"सर, इथं आणखी कोण असतं?" मुलीने विचारलं.

"कुणी नाही. ती कोरी खुंटी तुझीच आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी मी मॅडमना पोस्टकार्ड टाकलं, 'दुसऱ्या खुंटीला आज पर्स लागली.'

उलट टपाली उत्तर आलं. एकच ओळ.

'नेमकी किती वाजता?'